आधी फेऱ्या मोजा: स्त्रियांच्या सोयीची वसाहत कशी घडवायची

एका वसाहतीच्या प्रवेशदारात रोज सकाळी एक वीट दिसायची. दाराला डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारा दांडा, होता आणि तो इतका कडक, की दार हाताने ढकलून धरल्याशिवाय आत शिरताच येत नसे. समितीने सूचना लावली: ‘दारात वीट ठेवू नये, सुरक्षेचा प्रश्न आहे.’ दोन दिवस वीट गायब झाली, तिसऱ्या दिवशी परत हजर. मी तेव्हा त्या समितीत होते, सूचनेवर माझीही सही होती.

मग एकदा सकाळी तासभर तिथेच उभी राहिले. एकीच्या कडेवर बाळ, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात मोठ्या मुलाचं मनगट. तिने पायानेच वीट सरकवली, दार अडवलं, आत गेली. दुसरी बाबागाडी उलटी ओढत आली. तिसरीने सासूबाईंना दंडाला धरलं होतं आणि दार पाठीने रेटत होती. तासाभरात नऊ बायका त्या दारातून गेल्या, मोकळ्या हाताची एकच. क्लोजरचा स्क्रू थोडा फिरवला, दार मिटायला लागणारा वेळ वाढवला, काम संपलं. पेचकस सोडून खर्च शून्य.

सामूहिक घरं, मग ती सरकारी भाड्याची असोत, सहकारी संस्थेची असोत, कर्मचारी निवास असोत की वसतिगृह, बहुतेकदा खोल्या मोजून बांधली जातात. किती घरं, किती चौरस मीटर, किती मजले. पण तिथल्या बाईचा दिवस खोल्यांत मावत नाही, तो फेऱ्यांत जातो. धुण्याच्या जागेपर्यंत, कचऱ्याच्या डब्यापर्यंत, शाळेच्या गाडीपर्यंत, आजारी माणसाच्या खाटेपर्यंत, आणि रात्री फाटकापासून स्वतःच्या दारापर्यंत. सुधारणा करायची तर या फेऱ्यांपासून सुरुवात करावी, रंगरंगोटी आणि बाग मागाहून. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. समिती, व्यवस्थापक किंवा चारपाच उत्साही रहिवासी, कुणालाही ते वापरता येतील.

पहिला टप्पा: ‘स्त्रिया’ म्हणजे नेमक्या कोण ते ठरवा

‘महिलांसाठी सुविधा’ असं कागदावर लिहिलं की डोळ्यांपुढे एकच बाई उभी राहते: तिशीची, दोन मुलांची आई. तिच्यासाठी बाकडं आणि घसरगुंडी बसवली जाते आणि विषय संपतो. म्हणून आधी एक यादी करा. एकटी राहणारी नोकरदार. रात्रपाळी करणारी. एकट्याने मुलं वाढवणारी. पंचाहत्तरीची, जिना उतरायला घाबरणारी. चाकाच्या खुर्चीवरची. गरोदर. बारा-पंधरा वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहणारी. आणि हमखास विसरली जाते ती, म्हणजे वसाहतीत राहत नाही पण दिवसाचे आठ तास तिथे राबते: सफाई करणारी, रुग्णाची देखभाल करणारी, मुलं सांभाळणारी. तिला स्वच्छतागृह कुठलं, हा प्रश्न मी आजवर ज्या ज्या बैठकीत विचारला तिथे आधी शांतता पसरली.

या यादीतल्या प्रत्येक प्रकारची किमान एक बाई पुढच्या टप्प्यांत हवी. मुलं किंवा आईवडील सांभाळणारा एखादा पुरुष असेल तर त्यालाही घ्या. त्याच्या आणि तिच्या अडचणी बऱ्याच सारख्या निघतात आणि ‘हे फक्त बायकांचं’ असं म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळतं.

दुसरा टप्पा: दिवसाच्या फेऱ्या मोजा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनपगारी सेवाकामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया भरतात. वसाहतीच्या नकाशावर मात्र हे काम दिसत नाही. तुम्हाला ते नकाशावर आणायचं आहे.

दहा-बारा जणींना एकेक साधा कागद द्या. दोन दिवसांची नोंद ठेवायची, एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा. रकाने पाचच: किती वाजता, कुठून कुठे, हातात काय होतं, बरोबर कोण होतं, कुठे अडलं. लिहिणं जमत नसेल तर कुणीतरी संध्याकाळी बसून विचारून घ्यावं. मग वसाहतीचा मोठा नकाशा टेबलावर पसरा आणि प्रत्येक फेरीची एक रेघ मारा, प्रत्येकीचा रंग वेगळा. अर्ध्या तासात नकाशावर काही जाड पट्टे उमटतात. तिथे दिव्याची, कठड्याची, सपाट फरशीची पहिली गरज.

आकडेही काढा. समितीला भावनेपेक्षा आकडा लवकर कळतो. समजा, धुण्याची खोली तळघरात आहे आणि बाई चौथ्या मजल्यावर राहते. एका धुण्यामागे तीन खेपा: कपडे घालायला, काढायला, वाळलेले आणायला. आठवड्याला चार धुणी म्हणजे बारा खेपा. मजल्याला १८ पायऱ्या धरल्या तरी चार मजल्यांच्या ७२, आणि बारा खेपांच्या ८६४ पायऱ्या चढायच्या. शिवाय तळघराच्या पायऱ्या वेगळ्या, आणि तितक्याच पुन्हा उतरायच्या. हातात ओले कपडे. हे सभेत मांडलं तेव्हा ‘बायकांना व्यायाम होतो’ असं म्हणणारा एक जण निघालाच. त्याला मी पुढच्या आठवड्याचं धुणं देऊ केलं. त्याने विषय बदलला.

नोंदी वाचताना एक गोष्ट नजरेत भरेल. बाईची फेरी सरळ नसते. मुलाला सोडायचं, तसंच पुढे औषधं आणायची, परतताना शेजारच्या आजींना डोकावून यायचं, मग कचरा टाकायचा. चार कामं एका फेरीत ओवलेली असतात. म्हणून कचऱ्याचे डबे एका टोकाला, टपालाच्या पेट्या दुसऱ्या टोकाला आणि खेळायची जागा मागच्या अंगाला, अशी मांडणी तिला दुप्पट चालवते. तीनही गोष्टी एका वाटेवर आणता आल्या तर फार मोठं काम होतं आणि त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही.

हे कुठल्या कल्पनेतलं नाही. व्हिएन्ना शहराने १९९३ साली स्त्री-वास्तुरचनाकारांची स्पर्धा घेतली, स्त्रियांचा रोजचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून वसाहत आखा म्हणून. त्यातून १९९७ पर्यंत ‘फ्राउएन-वेर्क-श्टाट’ ही ३५७ घरांची वसाहत उभी राहिली. बाबागाड्यांसाठी प्रत्येक मजल्यावर जागा, रुंद आणि उजेडाचे जिने, आवारातच बालवाडी, आणि इमारती इतक्याच उंच की वरच्या खिडकीतूनही खालचं माणूस ओळखू यावं. यातली एकही गोष्ट महागड्या तंत्रज्ञानाची नाही.

तिसरा टप्पा: रात्रीची फेरी

दिवसाची फेरी सोयीची, रात्रीची भीतीची. टोरांटोतल्या मेट्रॅक या संस्थेने १९८९ साली ‘महिला सुरक्षा पाहणी’ची पद्धत तयार केली आणि पुढे ती कित्येक देशांत वापरली गेली. तिचा गाभा साधा आहे: तिथे वावरणारी बाईच तिथली जाणकार. तिलाच चालवा, तिलाच बोलू द्या.

अंधार पडल्यावर चार ते सहा जणींचा गट करा. एक नवी राहायला आलेली असावी, कारण जुन्या रहिवाशांच्या पायांना वाट पाठ झालेली असते आणि त्यांना अंधार दिसेनासा होतो. एक वयस्कर, एक किशोरवयीन. व्यवस्थापक किंवा अध्यक्ष असतील तर त्यांनी मागे चालायचं आणि मध्ये स्पष्टीकरण द्यायचं नाही. ‘तो दिवा कालच गेलाय’ हे वाक्य ज्यांच्या तोंडातून बाहेर पडल्यावाचून राहत नाही त्यांना घरी ठेवलेलं बरं. फाटकापासून सर्वांत दूरच्या दारापर्यंत चाला, मग गाड्या लावायची जागा, गच्ची, तळघर, कचऱ्याचा कोपरा. दर पन्नास पावलांवर थांबा आणि हे विचारा:

- समोरून येणाऱ्याचा चेहरा चार मीटरवरून ओळखू येतो का?
- पुढचं वळण किंवा कोपरा आधी दिसतो का, की वळल्यावरच कळतं?
- इथून ओरडलं तर कुणाला ऐकू जाईल?
- इथून निसटायला दुसरी वाट आहे का?
- आपण नेमके कुठे आहोत हे फोनवर सांगता येईल का? इमारतीचा क्रमांक दिसतो का?
- ही वाट तुम्ही टाळता का? टाळत असाल तर किती लांबून जाता?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. गुन्ह्यांची नोंद वहीत असते, टाळलेल्या वाटांची कुठेच नसते.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. पाहणीनंतर आम्ही उत्साहाने फाटकापाशी दोन प्रचंड फ्लडलाइट बसवले. आठवड्याभरात बायकाच सांगायला आल्या, आधीचं बरं होतं. झालं असं, की त्या झगमगाटातून पुढे आलं की डोळ्यांपुढे काळोखी यायची, आणि दिव्याच्या प्रखरपणामुळे बाजूच्या सावल्या आणखी दाट झाल्या होत्या. दिव्याखाली उभी असलेली बाई सगळ्यांना दिसते, तिला मात्र सावलीतलं कुणीच दिसत नाही. दिवा प्रखर असण्यापेक्षा उजेड सारखा पसरलेला असणं महत्त्वाचं. कमी ताकदीचे, जवळजवळ लावलेले, खाली तोंड केलेले, डोळ्यांवर न येणारे दिवे घ्या. जिन्यातला दिवा हालचालीवर लागणारा असेल तर दार उघडण्याआधी लागतो की नंतर, ते पाहा, आणि तो पुढच्या मजल्यावर पोचण्याआधी विझत नाही ना याचीही खात्री करा. अर्ध्या जिन्यात गुडुप अंधार होण्याइतकं वाईट काही नाही.

झुडपं गुडघ्याच्या थोडी वर, फार तर ७० सेंटिमीटर, आणि झाडांच्या खालच्या फांद्या दोन मीटरच्या वर छाटलेल्या ठेवल्या की मधल्या पट्ट्यात नजर मोकळी राहते. आंधळ्या वळणावर बहिर्गोल आरसा. जिन्याच्या आणि तळघराच्या दारांना काचेची उभी पट्टी.

कॅमेऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. त्याहून मोठी गोष्ट, ते चित्रण कोण पाहतो? एका ठिकाणी फाटकावरच्या पडद्यासमोर बसून एकट्या राहणाऱ्या मुलीकडे कोण आलं, किती वाजता गेलं याची चर्चा चालायची. ती मुलगी शेवटी घर सोडून गेली, आणि समितीच्या दप्तरी मात्र ‘सुरक्षा वाढली’ अशी नोंद. कॅमेरे बसवायचेच असतील तर चित्रण कोण, कुठल्या कारणासाठी, किती दिवसांपर्यंत पाहू शकतो याचा लेखी नियम आधी करा. पाहुण्यांची नोंदवही सर्वांसाठी सारखी हवी. ती फक्त एकट्या बायकांच्या पाहुण्यांसाठी उघडली जात असेल तर बंद करा.

चौथा टप्पा: बैठक अशी घ्या की बायका येतील आणि बोलतील

संध्याकाळी सातची सभा म्हणजे स्वयंपाक, अभ्यास आणि दमलेली मुलं यांच्या ऐन मध्यावर. मग ‘बायका येतच नाहीत’ असा शेरा. वेळ त्यांना विचारून ठरवा, एकाच विषयाची बैठक दोन वेगळ्या वेळांना घ्या, आणि बैठकीच्या शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला कुणीतरी ठेवा. एवढ्यानेच उपस्थिती बदलते.

सुरुवातीला पाच-सहा जणींचे छोटे गट. मोठ्या सभेत बोलणाऱ्या त्याच त्या तिघी असतात आणि त्या स्वतःच्या मजल्याबद्दल बोलतात. भाडेकरू आणि मालक एकाच गटात बसवू नका. घर जाण्याच्या धास्तीने भाडेकरू गप्प बसते. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्या दारी जा.

एक पथ्य कडक पाळा: घरातल्या मारहाणीबद्दल गटात प्रश्न विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अंदाजानुसार जगातल्या साधारण तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, आणि ती बहुतांशी जोडीदाराकडून. म्हणजे तुमच्या पाच-सहा जणींच्या गटातही कुणीतरी असणार, आणि तिच्या शेजारी कदाचित तिची नणंद बसलेली असेल. मदतीचे फोन क्रमांक स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा, जिथे ते एकटीने वाचता येतील. समितीतली एक-दोन माणसं ठरवा ज्यांना खासगीत भेटता येईल, आणि त्यांनी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, याचं प्रशिक्षण त्यांना जाणकारांकडून द्या. समेट घडवायला बसणं हे त्यांचं काम नाही.

ऐकून घेणं आणि ठरवायला देणं यांत अंतर आहे. लंडनमध्ये ‘न्यू ग्राउंड’ नावाची पन्नाशीपुढच्या स्त्रियांची २५ घरांची वसाहत आहे. तिथल्या स्त्रियांचा गट १९९८ मध्ये जमला आणि घरात राहायला गेल्या त्या २०१६ मध्ये. अठरा वर्षं! पण आराखडा, सामायिक खोली, बाग, कारभार, सगळं त्यांनी ठरवलं. तुमच्याकडे अठरा वर्षं नसतील, तरी समितीत निम्म्या जागा आणि खर्चाच्या निर्णयात सहीचा अधिकार, इतकं तर पुढच्या निवडणुकीतच करता येतं.

पाचवा टप्पा: कामांचा क्रम लावा

हाती आता लांबलचक यादी असेल. प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: किती जणींना नडतं आणि आठवड्यातून किती वेळा. दोघांचा गुणाकार मोठा ते काम वर. अपवाद एकच, ज्यात इजा होण्याचा किंवा हल्ल्याचा धोका आहे ते काम एकीला नडत असलं तरी पहिलं. मग तीन कप्पे: या महिन्यात होणारी, या वर्षात होणारी, पुढच्या मोठ्या दुरुस्तीबरोबर करायची. तिसऱ्या कप्प्यातली कामं लिहून ठेवली नाहीत तर प्लंबर पाइप बदलून जातो, भिंत पुन्हा लिंपली जाते आणि तेव्हा आठवतं, की याच वेळी ओटा खाली घ्यायचा होता.

सहावा टप्पा: एकेक जागा हातात घ्या

*जिना आणि प्रवेश.* पायरीची उंची १५ ते १७ सेंटिमीटर, रुंदी २८ ते ३०, कठडा दोन्ही बाजूंना आणि शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर गेलेला. कठड्याच्या उभ्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरहून जास्त अंतर नको, त्यातून लहान मूल घसरू शकतं. उतार १:१२, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. याहून तीव्र उतारावर बाबागाडी ढकलणारी बाई दमते आणि चाकाची खुर्ची मागे येते. चाकाची खुर्ची वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दाराबाहेर पिशवी टेकवायला एक छोटी फळी लावा. किल्ली शोधताना सगळं जमिनीवर ठेवावं लागत नाही. इतकी स्वस्त आणि इतकी वापरली जाणारी दुसरी सुधारणा मला माहीत नाही.

*धुणं आणि वाळवण.* तळघरात धुण्याची खोली काढली की तिला उजेड नसतो, फोनला रेंज नसते आणि संध्याकाळी तिथे एकटीने जायला कुणी तयार नसतं. शक्य असेल तर ती तळमजल्यावर, खिडकीची, खेळायच्या जागेकडे तोंड केलेली करा. बसायला बाक ठेवा. कपडे फिरत असताना मुलावर नजर राहते आणि शेजारणीशी दोन शब्द होतात. वाळत घालायच्या दोऱ्यांना अर्धवट आडोसा हवा. ऊन यावं पण आतले कपडे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत येऊ नयेत. आडोसा नसेल तर ते घरातच, दमट कोपऱ्यात वाळतात.

*स्वयंपाकघर.* याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, पावलं आणि वेळ यांचा हिशेब मांडून. सगळं हाताशी. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. पावलं वाचली, पण त्यात एकच माणूस मावायचं. दुसऱ्याने मदतीला यायचं म्हटलं तरी जागा नाही, आणि मुलं दाराबाहेर. फेऱ्या कमी करण्याच्या नादात बाईला एकटं पाडलं, अशी टीका पुढे झाली आणि ती मला पटते. (व्हिएन्नाच्या त्या ३५७ घरांच्या वसाहतीला नाव मात्र याच बाईंचं दिलं आहे.) म्हणून स्वयंपाकघर आखताना दोन माणसं पाठीला पाठ न घासता उभी राहतील, म्हणजे ओट्यासमोर किमान १२० सेंटिमीटर मोकळे, इतकं तरी पाहा.

ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावी. सरसकट ९० सेंटिमीटर केला की बुटक्या बाईचे खांदे दिवसभर वर उचललेले राहतात. सगळ्यांना एक उंची जमणारच नाही, तेव्हा एक भाग कमी उंचीचा आणि खाली गुडघे शिरतील असा मोकळा ठेवा, म्हणजे बसूनही काम करता येतं. धूर आणि वाफ बाहेर काढणारा पंखा चैनीत मोजू नका. खिडकीतून अंगण किंवा जिन्याचं तोंड दिसत असेल तर ती कधीच बुजवू नका.

*स्वच्छतागृहं.* सामायिक असतील तर आतून भक्कम कडी, दोन खुंट्या, पिशवी ठेवायला फळी, पाण्याचा नळ आतच, आणि पाळीच्या पॅडसाठी झाकणाचा डबा. डबा कोण, कधी रिकामा करणार, हे ठरवल्याशिवाय डबा ठेवू नका. कामाला येणाऱ्या स्त्रियांना त्याची किल्ली मागावी लागू नये.

*मुलं आणि मुली.* खेळायची जागा जास्तीत जास्त घरांच्या खिडक्यांतून दिसावी, जवळ स्वच्छतागृह आणि सावलीत बसायला जागा. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की मैदानातून दिसेनाशी होते. हे व्हिएन्नातही १९९०च्या दशकातल्या उद्यानांच्या अभ्यासात आढळलं. मोठी मोकळी जागा फुटबॉल खेळणारी मुलं व्यापतात आणि मुली झगडत बसत नाहीत, निघून जातात. तिथल्या काही उद्यानांत मग पायवाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलसाठी वेगळे कोपरे काढले आणि मुली परतल्या. एक मोठं मैदान मोडून दोन-तीन लहान जागा करणं, आणि समोरासमोर बसता येईल असे बाक, एवढं तुम्हालाही जमेल.

*सामायिक खोली.* जवळपास प्रत्येक वसाहतीत ती असते आणि कुलूपबंद असते. कोलंबियातल्या बोगोटा शहराने २०२० पासून ‘काळजी-केंद्रं’ सुरू केली. बाई शिकते किंवा विश्रांती घेते, त्या वेळात तिच्या मुलांची, म्हाताऱ्यांची आणि धुण्याची व्यवस्था त्याच ठिकाणी होते. शहराइतकं मोठं नको, पण आठवड्यातून तीन दुपारी ती खोली उघडी ठेवून आळीपाळीने मुलं सांभाळणं सुरू करता येतं. किल्ली मात्र तीन वेगवेगळ्या घरांत असावी.

सातवा टप्पा: नियम बदला

या टप्प्यात हातोडा लागत नाही, तरी बहुतेक समित्या इथेच अडखळतात. माझ्या मते सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. दिवे कितीही लावा, ज्या घरातून आपल्याला कधीही बाहेर काढता येईल ते घर बाईला सुरक्षित वाटत नाही.

पहिलं, करारावर नाव. जोडप्याला घर देताना दोघांची नावं सक्तीने घाला. नंतर नाव घालायला दोघांच्या सह्या लागतात, आणि ज्याची सही लागते तो ती देत नाही. विभक्त झाल्यास घर कुणाकडे राहील, मुलं जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे आहेत त्या व्यक्तीला प्राधान्य कसं, हे आधीच लिहून ठेवा. थकबाकी दोघांच्या नावावर असेल तर फक्त आपल्या वाट्याचे हप्ते भरून तिला घरात राहता यावं. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून तपासून घ्या, काही ठिकाणी तो आधीच तुमच्या पुढे असेल.

दुसरं, ‘गोंगाट’ आणि ‘उपद्रव’ या कलमांची भाषा. घरात मारहाण होते, आरडाओरडा होतो, शेजारी तक्रार करतात, तीन तक्रारींनंतर नोटीस जाते, आणि मार खाणारी बाईच घरातून जाते. अमेरिकेत सार्वजनिक गृहनिर्माणापुरतं तरी २००५ साली कायद्यात असं संरक्षण आणलं, की हिंसेची बळी ठरल्याच्या कारणावरून तिला घरातून काढता येणार नाही. तुमच्या नियमावलीत हे एका वाक्यात येऊ शकतं: हिंसेतून उद्भवलेली तक्रार सोसणाऱ्या व्यक्तीविरुद्ध वापरली जाणार नाही.

तिसरं, कुलूप. बाईने सांगितलं की चोवीस तासांत कुलूप बदलून मिळावं, कारण न विचारता आणि आधी पैसे न मागता. जादा किल्ल्या कार्यालयात कुणाच्या ताब्यात असतात, हेही एकदा मोजून पाहा. आम्ही मोजल्या तेव्हा चौदा किल्ल्यांचा हिशेब लागत नव्हता.

चौथं, दुरुस्तीला येणारी माणसं. आधी कळवून, ठरलेल्या वेळेत, ओळखपत्र घेऊन. एकट्या बाईला वेळ बदलून मागण्याचा किंवा सोबत कुणी असताना काम करून घेण्याचा हक्क असावा, आणि त्यापायी तिचं काम यादीत तळाशी जाऊ नये.

पाचवं, वसाहतीतल्या वसाहतीत किंवा संस्थेच्या दुसऱ्या ठिकाणी तातडीने घर बदलून मिळण्याची सोय. ते नवं घर कुठलं, हे सूचनाफलकावर कधीही लागता कामा नये.

पैसा आणि देखभाल

वार्षिक अंदाजपत्रकात या कामांची ओळ वेगळी ठेवा. ‘इतर’ या सदरात टाकलं की ते पैसे टाकीच्या दुरुस्तीत जातात. बंद दिवा ४८ तासांत बदलेल, बिघडलेलं कुलूप त्याच दिवशी, अशा मुदती लिहून भिंतीवर लावा आणि किती वेळा पाळल्या ते महिन्याला त्याच भिंतीवर लिहा. बाकी पैशाबद्दल जास्त सांगत नाही. पहिल्या कप्प्यातली बहुतेक कामं किरकोळ खर्चात होतात, आणि ती झालेली दिसली की पुढच्या वर्गणीला विरोध कमी होतो.

शेवटचा टप्पा: पुन्हा फेरी

सहा महिन्यांनी त्याच बायका, तोच कागद, तेच रकाने. रेघा पुन्हा मारा आणि दोन नकाशे शेजारी ठेवा. कुठल्या फेऱ्या आखडल्या? टाळलेल्या वाटांपैकी किती चालू झाल्या? बांधलेलं पण न वापरलेलं काय आहे? तक्रारी वाढल्या असतील तर लगेच घाबरू नका. पूर्वी न बोलणाऱ्या आता बोलू लागल्या, असाही त्याचा अर्थ असतो. कोण बोलतंय ते पाहा.

आणि त्या विटेसारख्या गोष्टी शोधा. दिव्याला बांधलेला पुठ्ठा, कडीला लावलेली दोरी, कुंपणात पाडलेली फट, फाटकाला अडकवलेली पिशवी. लोकांनी स्वतःहून केलेली अशी जुळवाजुळव काढून टाकण्याआधी ती कुणी आणि कशासाठी केली ते विचारा. आमच्याकडे गेल्या पाहणीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्लॅस्टिकचं स्टूल सापडलं. सफाईवाल्या ताई ते रोज बाजूला करायच्या, दुपारपर्यंत ते परत तिथेच. चौकशी केली तर वरच्या मजल्यावरच्या आजी चढताना तिथे दोन मिनिटं टेकतात. त्या वळणावर भिंतीत मिटणारं आसन बसवायचं ठरलं आहे. मिस्त्री मोजमाप घेऊन गेला आहे. तोवर ते स्टूल हलवायचं नाही, असं ताईंना सांगितलं आहे.